ओझे कोणाच्या पाठीवर? सिएरा नेवाडातील कौटुंबिक डोंगरयात्रांचा इतिहास

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेने उत्तर-दक्षिण सुमारे ६४० किलोमीटर पसरलेली सिएरा नेवाडा ही पर्वतरांग म्हणजे अमेरिकेतल्या पायी डोंगरयात्रेची पंढरीच. रांग मुख्यतः ग्रॅनाइटची. हिमयुगात हिमनद्यांनी हा खडक कोरला, आणि त्या वितळल्यावर मागे उरलेल्या खळग्यांत पाणी साचून हजारो लहानमोठी तळी झाली. उंचावरच्या खिंडी जून अखेरपर्यंत, काही वर्षी जुलैतही, बर्फाने अडलेल्या असतात आणि ऑक्टोबरात पुन्हा बर्फ पडू लागते. मधल्या दोन-अडीच महिन्यांत मात्र दुपारचे एखादे गडगडाटी वादळ सोडले तर पाऊस जवळजवळ नसतो. शाळांची सुट्टीही नेमकी तेव्हाच. मुलाबाळांना घेऊन आठ-आठ दिवस तळ्यांकाठी मुक्काम करत हिंडण्याची रीत याच डोंगरात रुजली, याला हे हवामान बरेच कारणीभूत आहे.

अडचण एकच होती, ती ओझ्याची. धट्ट्याकट्ट्या माणसाला डोंगरात दिवसाला पाऊण किलोच्या आसपास कोरडा शिधा लागतो. आई-वडील आणि दोन मुले आठवडाभर निघाली, तर नुसते खाणेच वीस किलोच्या घरात जाते. वर तंबू, पांघरुणे, भांडी, गरम कपडे. मुले स्वतःचा स्वेटर आणि पाण्याची बाटली वाहतील, त्यापुढे नाही. आणि मूल फारच लहान असेल, तर तेच ओझ्यात धरावे लागते. हे सगळे कोणाच्या पाठीवर जाते, या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदलत गेले. कौटुंबिक डोंगरयात्रांचा इतिहास हा मुख्यतः त्या बदलांचाच इतिहास आहे.

गोऱ्या प्रवाशांनी या रांगेला ‘निर्मनुष्य रान’ म्हटले, तरी इथली पहिली कुटुंबे कित्येक शतकांपासून दर उन्हाळ्यात वर चढत होती. पश्चिम उतारावर मिवॉक, पूर्वेच्या कोरड्या खोऱ्यात पायूट. त्यांच्यातला व्यापार खिंडींमधून चाले. पूर्वेकडून मीठ, पाइनचे दाणे, ऑब्सिडियन हा बाणांच्या टोकांसाठी लागणारा काळा काचेरी दगड आणि मोनो सरोवराकाठी गोळा केलेले माश्यांचे वाळवलेले कोष येत. हे कोष त्यांच्या रोजच्या आहारातले होते. पश्चिमेकडून ओकची फळे जात. मोनो खिंड ३,२०० मीटरहून उंच आहे. ती चढताना बायका पाठीवर शंकूच्या आकाराची विणलेली टोपली घेत आणि तिचा पट्टा कपाळावरून ओढून भार मानेवर व कण्यावर तोलत. तान्हे मूल पाळणा-फळीला बांधून नेले जाई. आजच्या अर्थाने सहल नसली, तरी संपूर्ण कुटुंबाने पाठीवर घरदार घेऊन तळ्यांच्या मुलखात हिंडणे हे इथे सर्वांत आधी यांनी केले, आणि त्यात सर्वांत जड वाटा बायकांचा होता.

या क्रमाचा शेवट हिंसक झाला. सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या लोंढ्यामागोमाग १८५१ साली मॅरिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी योसेमिटी खोऱ्यात शिरली. टेनाया या प्रमुखाच्या लोकांना उंचावरच्या एका तळ्याकाठी गाठून पकडण्यात आले. तुकडीतला डॉक्टर लाफायेट बनेल याने लिहून ठेवले आहे, की या तळ्याला तुझे नाव देत आहोत असे त्याने टेनायाला सांगितले, तेव्हा या तळ्याला आधीच नाव आहे असे उत्तर मिळाले. ते नाव ‘पायवियाक’ होते. काठच्या चकाकणाऱ्या खडकांवरून पडलेले. नकाशावर मात्र टेनाया लेक राहिले. आज या तळ्याकाठून पक्का रस्ता जातो आणि उन्हाळ्यात तिथल्या वाळूवर मुले किल्ले बांधत असतात.

पुढची काही दशके हा मुलूख मोजणीदार, मेंढपाळ आणि मासेमार यांचा होता. सर्वोच्च शिखर माउंट व्हिटनी, उंची ४,४२१ मीटर. त्याच्या पहिल्या चढाईची कथा थोडी गमतीची आहे. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स किंग १८७१ मध्ये मोठ्या अभिमानाने वर गेला, पण ढगांत चुकून तो शेजारच्या दुसऱ्याच शिखरावर पोहोचला होता. चूक उघडकीला येऊन तो १८७३ च्या सप्टेंबरात खऱ्या माथ्यावर गेला, त्याच्या महिनाभर आधी पायथ्याच्या लोन पाइन गावचे तीन जण मासेमारीच्या सुट्टीत सहज वर जाऊन आले होते. १८७८ मध्ये चार स्त्रियांनी हे शिखर गाठले. त्यांतली अ‍ॅना मिल्स ही शिक्षिका एका पायाने अधू होती. डोंगर हा फक्त धाडसी पुरुषांचा प्रांत नाही, हे या बायकांनी दाखवून दिले होते.

घरातल्या माणसांना घेऊन डोंगरात जाण्याला संस्थेचे रूप दिले सिएरा क्लबने. क्लबची स्थापना १८९२ ची. पहिला अध्यक्ष जॉन म्यूर, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, १८६८ पासून या डोंगराच्या नादी लागलेला. तोवर योसेमिटीभोवतीचा उंच प्रदेश १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला होता आणि मेंढरे हुसकावून लावण्यासाठी घोडदळ गस्त घालत होते. जवानांनी झाडांच्या सालींवर कोरलेल्या ‘टी’ अक्षराच्या खुणांवरून पुढे कित्येक वर्षे लोक वाटा शोधत राहिले.

क्लबचा सचिव विल्यम कोल्बी याचे म्हणणे असे, की ज्यांनी डोंगर पाहिला नाही ते त्याच्यासाठी भांडणार नाहीत. म्हणून १९०१ च्या जुलैत त्याने टुऑलमी मेडोज या उंच कुरणात पहिली ‘हाय ट्रिप’ काढली. ९६ जण आले. म्यूर आपल्या वांडा आणि हेलन या दोन मुलींना घेऊन आला. भूवैज्ञानिक प्राध्यापक जोसेफ लेकाँट यांनी १८७० मध्ये विद्यार्थ्यांसह हाच मुलूख घोड्यावरून पाहिला होता. तेही या यात्रेसाठी आले, पण ती सुरू होण्याच्या तोंडावर ६ जुलैला योसेमिटी खोऱ्यातच वारले.

हाय ट्रिपमध्ये ओझ्याचा प्रश्न पैसे देऊन सोडवला होता. तंबू, अंथरुणे, लोखंडी चुली, पिठाची पोती, हे सगळे खेचरांवर. खेचरे हाकायला पगारी माणसे, स्वयंपाकाला आचारी. यात्रेकरू सकाळी दुपारच्या खाण्याची पुडी खिशात घालून निघत आणि संध्याकाळी चूल पेटलेल्या मुक्कामाला पोहोचत. बायका आखूड घागऱ्यांत किंवा विजारींत चालत. शहरात ज्याकडे बोटे दाखवली गेली असती ते इथे खपून जाई. कोल्बीने १९२९ पर्यंत या यात्रा चालवल्या. प्राध्यापक, शिक्षक आणि वकील यांच्या घरच्या दोन पिढ्या त्यांतून डोंगर शिकल्या. त्यांत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा तरुण पियानोवादकही होता. पुढे तो छायाचित्रकार म्हणून गाजला.

या थाटामाटाचा कळस १९१५ मध्ये झाला. स्टीफन मॅदर हा धनिक गृहस्थ अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते व्हावे म्हणून खटपट करत होता. त्याने खासदार, संपादक, उद्योजक अशा वजनदार पाहुण्यांना दोन आठवडे सिएरात हिंडवले. स्वयंपाकी होता टाय सिंग, सर्वेक्षण खात्याचा नामांकित चिनी आचारी. भिजवलेले पीठ तो खेचराच्या अंगाला लागून बांधे, म्हणजे जनावराच्या उबेने वाटेतच ते फुगून येई आणि मुक्कामाला ताजा पाव मिळे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१६ मध्ये, राष्ट्रीय उद्यान सेवेचा कायदा झाला. त्याचे सगळे श्रेय त्या पावाला देता येणार नाही. पण पाहुण्यांना वर चालत नेणे आणि वर पोटभर जेवू घालणे हे एकाच डावाचे दोन भाग होते. टाय सिंगच्या नावाचे एक शिखर योसेमिटीच्या दक्षिण कडेला आहे. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा तेव्हा जारी होता, हे त्या शिखराच्या नावासोबत लक्षात ठेवावे लागते.

हाय ट्रिपला महिनाभराची रजा आणि गाठीला पैसा लागे. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते त्यांच्यासाठी दोन तोडगे निघाले. पहिला म्हणजे योसेमिटीतली ‘हाय सिएरा कॅम्प’ ही तंबूंची ठाणी. १९१६ पासून ती उभी राहू लागली आणि १९२० च्या दशकात एकेका दिवसाच्या चालीवर अशी मांडली गेली, की कुटुंबाने हलक्या पिशवीनिशी एका ठाण्याहून दुसऱ्याला जावे. अंथरूण आणि जेवण तयार मिळे. तेही खेचरांनीच वर आणलेले. दुसरा तोडगा गाढव. भाड्याचे गाढव चाळीस-पन्नास किलो ओझे घेऊन माणसाच्याच चालीने चाले, त्याला हाकायला पगारी माणूस लागत नसे, आणि दहा वर्षांचे पोरही त्याची दोरी धरू शके. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिएरा क्लबने गाढवांच्या स्वतंत्र यात्रा सुरू केल्या. अशा यात्रांत कुटुंबाची खरी परीक्षा ओढा ओलांडताना होई, कारण गाढवाला पाण्यात पाय घालणे मान्य नसते आणि त्याचे मन वळवण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. क्लबने १९५१ मध्ये डेव्हिड ब्राउअर याच्या संपादनाखाली या विषयावर एक छोटे पुस्तक काढले. त्याच्या नावातच पाठपिशवी आणि गाढव शेजारी-शेजारी होते. त्या एका दशकापुरती ही बरोबरी खरी होती.

याच सुमारास वाटही तयार झाली. १८८४ मध्ये थिओडोर सॉलोमन्स या चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात रांगेच्या माथ्यालगत सलग पायवाट असावी अशी कल्पना आली. मोठेपणी त्याने तिचा बराच भाग धुंडाळला आणि १८९५ मध्ये एका तळ्यांच्या खोऱ्याभोवतीच्या शिखरांना डार्विन, हक्सले, वॉलेस अशी उत्क्रांतिवाद्यांची नावे दिली. म्यूर १९१४ च्या डिसेंबरात वारला. पुढच्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने त्याच्या स्मरणार्थ या वाटेसाठी १०,००० डॉलर मंजूर केले. काम रेंगाळत १९३८ मध्ये पुरे झाले. योसेमिटी खोऱ्यापासून व्हिटनीच्या माथ्यापर्यंत सुमारे ३४० किलोमीटरची ही जॉन म्यूर ट्रेल आजही या डोंगराचा कणा आहे. कुटुंबे ती क्वचितच एका दमात चालतात. बहुतेक जण वर्षाला एकेक तुकडा करत, मुलांच्या वाढत्या वयाबरोबर ती पुरी करतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओझे खेचराच्या पाठीवरून माणसाच्या पाठीवर आले. सैन्याच्या जादा मालाच्या दुकानांत पिशव्या, झोपायच्या पिशव्या आणि हलके नायलॉनचे कापड स्वस्तात मिळू लागले. घरोघरी मोटारी आल्या, पगारी रजा आली, आणि डोंगराच्या कुशीपर्यंत रस्ते गेले. टेनाया तळ्याकाठचा जुना वळणावळणाचा टायोगा रस्ता १९६१ मध्ये रुंद आणि पक्का झाला. खेचरांविषयी तक्रारीही वाढत होत्या. शेकडो माणसे आणि त्यांची जनावरे एका कुरणावर उतरली, की गवत मुळापासून जाई आणि ओढ्याचे काठ तुटत. उद्यान सेवेतील जीवशास्त्रज्ञ लॉवेल समनर याने याबद्दल आधीच इशारा दिला होता. सिएरा क्लबच्या घटनेत ‘डोंगर लोकांना सुगम करणे’ हे एक उद्दिष्ट होते. १९५१ मध्ये ते काढून त्याजागी जतनाचा शब्द घालण्यात आला. कोल्बीच्या युक्तिवादाचा पन्नास वर्षांनी निघालेला हिशेब असा होता.

माणसाच्या पाठीवरचे जुने साधन मात्र फार सोयीचे नव्हते. १९२० च्या दशकापासून चालत आलेली ‘ट्रॅपर नेल्सन’ ही लाकडी चौकटीची पिशवी अलास्कातल्या आदिवासींच्या काठ्या आणि कातड्याच्या पाठगाठोड्यावरून सुचलेली होती. तिचा सगळा भार खांद्यांवर येई. विमानाच्या कारखान्यात काम केलेला डिक केल्टी हा कॅलिफोर्नियातला गृहस्थ १९५१ च्या एका सिएरा सफरीत चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खोचून चालू लागला आणि खांदे एकदम मोकळे झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. भार कंबरेवर उतरला होता. पुढच्या वर्षी ग्लेनडेल इथल्या घरी त्याने पाठीच्या वळणाबरहुकूम वाकवलेल्या अ‍ॅल्युमिनियम नळ्यांची चौकट केली. पिशव्या शिवण्याचे काम त्याची बायको नेना हिने घेतले. पहिल्या वर्षी २९ पिशव्या खपल्या, २४ डॉलरला एक. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत याच पिशव्या होत्या. आज सह्याद्रीत गड चढणारा पोरगा सॅकचा कंबरपट्टा आवळतो, तेव्हा तो याच शोधाचा लाभ घेत असतो.

कुटुंबांच्या दृष्टीने या पट्ट्याचे मोल वेगळेच होते. पंचवीस किलो ओझे सरासरी ताकदीच्या माणसाला, आणि पंधरा किलो त्याच्या बायकोला, दिवसभर वाहता येऊ लागले, म्हणजे गाढवाशिवाय आठवडा निघू लागला. निर्जल केलेल्या अन्नाने शिधा हलका झाला. राहिले ते मूल. कोलोरॅडोतला गेरी कनिंगहॅम हा सामान बनवणारा माणूस. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर मुलाला बसवायची पाठखुर्ची बाजारात आणली. त्याच राज्यातली परिचारिका अ‍ॅन मूर पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये काम करताना तिथल्या आया मुलांना अंगाशी बांधून नेतात ते पाहून आली आणि तिने कापडी झोळी तयार केली. १९६९ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. मिवॉक आणि पायूट बायका ज्या खिंडींतून पाळणा-फळी घेऊन गेल्या होत्या, तिथे आता शहरी आया-बाप ही साधने बांधून चढू लागले. फरक एक दिसतो: नव्या साधनांत मूल बहुधा बापाच्या पाठीवर असे.

१९६४ च्या ‘वाइल्डरनेस’ म्हणजे रानभूमीच्या कायद्याने देशभरातली ९१ लाख एकर जमीन रस्ते आणि यंत्रांपासून मुक्त ठेवली. सिएरातला जॉन म्यूर वाइल्डरनेस हा पहिल्याच यादीत होता. कोलिन फ्लेचरचे पायी भटकंतीवरचे जाडजूड मार्गदर्शक पुस्तक १९६८ मध्ये आले आणि तरुणांनी ते डोक्यावर घेतले. गर्दी इतकी वाढली, की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रात्रीच्या मुक्कामाला परवाना लागू झाला आणि एकेका वाटेवर दिवसाला किती जणांना सोडायचे हे ठरू लागले. योसेमिटीच्या अंतर्भागातल्या मुक्कामांची संख्या त्या दशकाच्या मध्याला शिगेला पोहोचली. त्यानंतर कुटुंबाची डोंगरयात्रा जुलैत नव्हे, हिवाळ्यात घरच्या टेबलावर अर्ज भरताना सुरू होऊ लागली.

तळ्यांनीही या यात्रांची किंमत मोजली. मूल तळ्याकाठी बसून मासा पकडते आहे, हे या सहलींचे ठरलेले चित्र. पण उंचावरच्या जवळजवळ सगळ्या तळ्यांत मुळात मासेच नव्हते, कारण धबधबे ओलांडून ते वर येऊ शकत नव्हते. १८७६ मध्ये एका करवत-गिरणीच्या माणसांनी मल्की ओढ्यातले थोडे सोनेरी ट्राउट कॉफीच्या किटलीत घालून कॉटनवुड ओढ्यात सोडले. मग खेचरांवरून दुधाच्या कॅनमधून, आणि महायुद्धानंतर विमानातून, पिलांचा वर्षाव होऊ लागला. त्याचा बळी ठरला पिवळ्या पायांचा पहाडी बेडूक, एकेकाळी या तळ्यांत पायापायाला भेटणारा. याच्या भैऱ्यांना, म्हणजे पाण्यातल्या पिलांना, बेडूक व्हायला दोन ते चार वर्षे लागतात, म्हणून त्याला तळापर्यंत न गोठणारी खोल तळी लागतात, ट्राउटलाही तीच. मासे भैरे खातात. पुढे बुरशीच्या साथीची भर पडली आणि हा बेडूक आपल्या जुन्या मुलखाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागातून नाहीसा झाला. योसेमिटीत मासे सोडणे १९९१ मध्ये थांबले. २००१ पासून सेकोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांत निवडक तळ्यांत जाळी लावून ट्राउट काढून टाकण्याचे काम सुरू झाले. जिथे शेजारच्या पाण्यात बेडूक शिल्लक होते, तिथे काही वर्षांत ते परतले. २०१४ मध्ये ते केंद्रीय संकटग्रस्त यादीत गेले.

अस्वलांची गोष्ट वेगळ्या वळणाने ओझ्यापाशी येते. काळ्या अस्वलांना माणसांच्या शिध्याची चटक लागली. झाडाला उंच टांगलेल्या पिशव्या ती फांदी मोडून किंवा दोर कुरतडून खाली पाडत, आणि माद्या हे कसब पिलांना शिकवत. १९८० च्या दशकात त्यावर उपाय म्हणून टणक, गुळगुळीत, अस्वलाच्या जबड्यात न मावणारा डबा निघाला. आता बऱ्याच भागांत तो सक्तीचा आहे. रिकामाच किलोभराहून जड, आणि चौघांच्या आठवड्याच्या शिध्याला असे तीन-चार लागतात. केल्टीने कंबरेवर उतरवलेल्या भारातला थोडा अशा रीतीने परत आला.

चुलीवर उंचीची मर्यादा आली. योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर शेकोटी पेटवता येत नाही, कारण तिथे लाकूड वाढायला आणि कुजायला दोन्हीला फार वेळ लागतो. स्टोव्ह आणि इंधन हेही मग सॅकमध्ये आले. माउंट व्हिटनीच्या वाटेवरचे संडास वर्षानुवर्षे भरत. त्यांतला मैला उपसून खाली पाठवणे परवडेना, म्हणून २००६ च्या सुमारास ते काढून टाकले. तेव्हापासून या वाटेवर जाणाऱ्या प्रत्येकाला, लहान मुलांसह, परवान्याबरोबर एक जाड पिशवी मिळते. तिच्यात ओला मैला घट्ट करणारी पावडर असते. शिधा संपून सॅक हलकी होत जाते तसतशी ही पिशवी जड होते, आणि शिखरावरून उतरताना ती सहसा घरातल्या मोठ्या माणसाच्या सॅकला बाहेरून बांधलेली असते.